परत केलेला डॉलर

विद्यापीठाच्या तळघरात, वाफेच्या नळांखाली,
काळ्या मेणकापडात बांधलेली एक वही आहे.
वर्षातून दोनदा मी तिला हवा देते.
पहिल्या पानावर, फिनिशमध्ये:
"अकरा विद्यार्थी. एक चूल. दोन कंदील,
पैकी एकाची काच फुटकी."

शाळा भरायची खोगिरांच्या दुकानावर,
माडीवरच्या भाड्याच्या खोलीत.
खालून कातड्याचा वास, वर लॅटिन.
जानेवारीत सरोवर पांढरं पडलं की शाई गोठायची,
पोरं दौत काखेत धरून झोपायची.
सकाळी ज्याच्या सदऱ्यावर मोठा डाग
तो अभ्यासू.

पास्टर युहो कालिओनिएमी
प्रवचनानंतर टोपी फिरवत नसत.
स्वतःच दाराबाहेर बर्फात उभे राहत.
तांब्याच्या खाणीतून आलेले हात,
नखांत हिरवट धूळ, खिसे चाचपायचे.
कुणी अर्धा डॉलर, कुणी धुरावलेला मासा.
हिल्मा यूलितालोनं पूर्ण डॉलर दिला.
नवरा तिचा तिसऱ्या विवरात राहिला होता,
वर आला फक्त जेवणाचा डबा.
वहीत ओळ आहे: "विधवा यूलितालो, १ डॉलर.
मुलगा एलिस याच्यासाठी,
आणि ज्याला येता येईल त्याच्यासाठी."

मुलींना घ्यावं का, यावर
चर्चची समिती तीन रात्री बसली.
इतिवृत्तात ठराव आहे, भांडण नाही.
भांडण मला स्वयंपाकिणीच्या नातीनं सांगितलं.
लोविसा दाराआड राईचं पीठ तिंबत होती.
ऐकता ऐकता तिनं कणकेची अक्षरं वळली, भाजली,
आणि चौथ्या रात्री समितीपुढे
ताटात स्वतःचं नाव ठेवलं.
एक स्वर चुकलेला.
कुणी काही बोललं नाही. खाल्लं.
त्या शरदात चार मुली आल्या.

मग दगडी इमारत.
दगड खाण कंपनीचा, लालसर, उत्तम, फुकट.
पास्टरांच्या आभारपत्राचे तीन मसुदे आहेत माझ्याकडे,
तिसऱ्यात 'कृपा' हा शब्द दोनदा.
तेव्हा कुणाला खटकलं नाही.
किंवा खटकलं असेल, पण थंडी फार होती.

संप झाला तो उन्हाळ्यात.
रस्त्यावर घोडदळ, खाणीचे भोंगे मुके.
पास्टर त्या रविवारी धीराबद्दल बोलले,
नुसत्या धीराबद्दल.
सोमवारी निम्मी बाकं रिकामी.
हिल्मा चिखलाच्या बुटांनी थेट कचेरीत आली.
"माझा डॉलर द्या."
"बाई, तो तर भिंतीत गेला."
"भिंत कंपनीची. डॉलर माझा."

ती ओळ पाहा: "परत केला."
खाली सही, थरथरलेली.
ऑगस्ट होता,
थंडीवर ढकलता येत नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे:
शाळेचं कॉलेज झालं, कॉलेजचं विद्यापीठ,
पदवीपत्रावरचं फिनिश एका बैठकीत गेलं,
सहा विरुद्ध पाच.
वर्धापनदिनाच्या भाषणात लोविसाची अक्षरं येतात,
लोकांना ती आवडतात.
डॉलर येत नाही.

यंदा हवा देताना मी बेरीज करून पाहिली.
एकदा बोटांवर, एकदा यंत्रावर.
त्या दिवशी डॉलर परत गेला,
पण शाळेच्या पेटीतली रक्कम
एका सेंटानंही उतरलेली नाही.
पास्टरांचा पगार तेव्हा पाच महिने थकलेला होता,
तेही त्याच पानावर आहे, जरा खाली.

हिल्माला कळलं का, कोण जाणे.
एलिसचं नाव पुढच्या हजेरीत नाही.

मी मेणकापड पुन्हा गुंडाळलं.
वर खिडकीतून दिसत होतं,
नवीन मुलं आलीत, कुणीतरी त्यांना
लाल भिंतीला हात लावायला सांगतंय,
शुभ असतं म्हणून.